वाळवंटासाठी गाडी ‘तयार’ करण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाळवंटातील फोर-व्हील-ड्राइव्ह भ्रमंतीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. जैसलमेरच्या वाळूची छायाचित्रे सुंदर होती, आणि थंडी पडली की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून गाड्यांचे ताफे राजस्थानकडे निघतात हे त्यातले निरीक्षणही खरे आहे. मात्र वाळवंटासाठी गाडी कशी तयार करावी हे सांगताना लेखात जी यादी आली, म्हणजे उंच केलेले सस्पेन्शन, चिखलासाठीचे मोठे टायर, पुढचा लोखंडी गार्ड, टपावरचा कॅरिअर आणि त्यावर तंबू, दिव्यांची लांब पट्टी आणि विंच, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, ती वाचून मला काळजी वाटली. माझी पहिली गाडी मी जवळजवळ याच यादीप्रमाणे करून घेतली होती आणि त्या गाडीने थर वाळवंटाच्या वाळूत जे केले ते मी विसरू शकत नाही. म्हणून हे पत्र. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालो आणि गेली 14 वर्षे बहुतेक प्रत्येक हिवाळ्यात जैसलमेर-बाडमेरच्या बाजूला जातो. पहिल्या वर्षी सम आणि खुहडी या गावांच्या दरम्यान, तिथले लोक ज्याला धोरा म्हणतात अशा वाळूच्या एका मध्यम टेकाडावर, माझी गाडी दिवसभरात पाच वेळा रुतली. आमच्याबरोबरची एक जुनी, मुळात होती तशीच ठेवलेली गाडी मात्र शांतपणे वर चढून पलीकडे उतरली. फरक एवढाच होता, की तिच्या मालकाने वाळूत शिरण्यापूर्वी चारही टायरांतली हवा निम्मी केली होती आणि मी, एवढा खर्च केल्यावर त्याची गरज काय, असे समजून केली नव्हती.

हा हवेचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. सामानासह 1800 किलोची गाडी धरली तर एका चाकावर साधारण 450 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब असेल, तर तो भार पेलण्यासाठी टायर साधारण 200 चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकवतो. हवा 16 पीएसआयवर आणली की तीच जागा 400 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. टायरच्या भिंतीचा ताठरपणा धरला तर आकडे थोडे बदलतात, पण तत्त्व बदलत नाही. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत अधिक होते, त्यामुळे टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो आणि वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालतो. या बदलाला लागतात दाब मोजण्याचे एक चांगले मापक आणि परतताना हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर. माझ्या अनुभवात वाळवंटासाठी गाडीत करायच्या बदलांपैकी पहिला आणि सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि आपल्या लेखात त्याला एक अर्धे वाक्य मिळाले. त्याबरोबर हेही सांगायला हवे होते, की हवा कमी असताना वेगाने एकदम वळले तर टायरची कड रिमवरून सुटते, आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरली नाही तर टायर तापून फुटू शकतो.

उलट, यादीतल्या बऱ्याच वस्तू वाळूत अडचण वाढवतात. चिखलाच्या टायरांवरचे खोल आणि विरळ ठोकळे चिखल बाहेर फेकण्यासाठी असतात. कोरड्या वाळूत तेच ठोकळे फावड्यासारखे काम करतात आणि चाक जागच्या जागी खाली जाते. 28 इंचांच्या जागी 33 इंचांचा टायर बसवला तर चाकापाशी मिळणारा जोर साधारण 15 टक्क्यांनी घटतो, म्हणजे वाळूत ज्याची सर्वाधिक गरज तेच आपण पैसे देऊन कमी करून घेतो. सस्पेन्शन उंच करून वर टपावर तंबू, डिझेलचे कॅन आणि जादा टायर अशी दीडशे किलोंची भर घातली, की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि धोऱ्याच्या आडव्या उतारावर ती कलंडण्याची शक्यता वाढते. जाळीसमोर लावलेले दिवे रेडिएटरकडे जाणारी हवा अडवतात, आणि लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त जोर देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये, कमी वेगात, इंजिनावर पूर्ण भार असताना पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढू लागतो. माझ्या गाडीचा तो दुसऱ्याच दिवशी चढला होता. दिवे मी तिथेच काढून ठेवले, ते आजपर्यंत पुन्हा बसवलेले नाहीत.

हे ज्ञान नवे नाही. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1930 च्या दशकात इजिप्त आणि लिबियाचे वाळवंट फोर्डच्या साध्या गाड्यांतून पालथे घातले. टायरमधली हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवणे, रेडिएटरमधून निघणारी वाफ वाया न घालवता तिचे पाणी करून पुन्हा वापरणे, या गोष्टी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वाळूत राहून घडवल्या. 1940 मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने महायुद्धात जे शेवरले ट्रक वापरले ते टू-व्हील-ड्राइव्हचे होते, आणि त्यांच्यात केलेला एक मुख्य बदल म्हणजे त्यांची दारे, काचा आणि छत काढून टाकणे. वाळवंटाची उत्तम जाण असलेल्या माणसांनी गाडी तयार करताना तिच्यावरचे अनावश्यक ते उतरवले. आपल्याकडे डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाला चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे आणि ट्रक मऊ वाळूत रुतून बसले, हेही जैसलमेरला जाणाऱ्या प्रत्येक मराठी पर्यटकाला तिथला मार्गदर्शक सांगतो. यंत्राच्या ताकदीवर सगळा भरवसा ठेवून वाळूत उतरले की काय होते, हे त्या ठिकाणी उभे राहून कळते.

धोरा चढण्याची रीत यंत्रापेक्षा वाऱ्याशी अधिक जोडलेली आहे. थरमध्ये उन्हाळ्यातला जोरदार वारा नैऋत्येकडून वाहतो, त्यामुळे धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि दबून घट्ट झालेली असते, तर आडोशाची बाजू सुटी आणि तीव्र असते. कोरडी वाळू साधारण 32 ते 34 अंशांपर्यंतच उभी राहू शकते, त्याहून अधिक उतार झाला की ती आपोआप घसरते, आणि आडोशाची बाजू नेमकी त्या सीमेवर थांबलेली असते. घट्ट बाजूने सरळ चढावे, माथ्यापाशी वेग सोडून द्यावा आणि पलीकडे काय आहे हे एकाने पायी जाऊन पाहिल्याशिवाय गाडी माथ्यावरून पुढे नेऊ नये. उतरतानाही सरळच उतरावे. उतारावर गाडी तिरकी होऊ लागली तर ब्रेक न दाबता स्टिअरिंग उताराच्या दिशेला फिरवून हलकासा वेग द्यावा. नवख्या माणसाच्या मनाला हे पटत नाही, म्हणून ते आधी लहान टेकाडावर शिकावे लागते. थांबतानाही जोरात ब्रेक दाबला तर चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि पुन्हा निघताना गाडी त्याच बांधाला अडते. सपाट वाळूत गाडी आपोआप थांबू द्यावी आणि शक्यतो उताराकडे तोंड करून उभी करावी. सकाळी गारव्याने वाळू बसलेली असते, दुपारी तोच मार्ग सैल झालेला असतो, त्यामुळे अवघड टप्पा सकाळीच उरकावा. गाडी रुतली तर चाके फिरवत बसू नये, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक ती पोटावर टेकण्याच्या जवळ जाते. खाली उतरून फावड्याने चाकांपुढची वाळू काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी आणि ज्या चाकोरीतून आलो तिच्यातून मागे यावे. हे सारे मला एका उंटवाल्याच्या मुलाने शिकवले. त्याच्याकडे गाडी नव्हती, पण कोणत्या बाजूने कोणता धोरा चढतो हे त्याला घरच्या अंगणासारखे ठाऊक होते.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहायला बसलो, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या गटातली एक गाडी दोन धोऱ्यांमधल्या खोलगट जागेत बसली. तिच्या मागच्या बंपरला शहरातल्या एका दुकानाने ओढण्यासाठी म्हणून जाड दिसणारा, लाल रंगाचा हूक बसवून दिला होता. आम्ही ताणली जाणारी दोरी त्याला अडकवली आणि दुसऱ्या गाडीने हिसका दिला. हूक बंपरच्या पत्र्याला बोल्टने लावलेला होता, चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला नव्हे. पत्रा फाटला, हूक दोरीसह उडाला आणि ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून दोन पुढच्या सीटांच्या मधून जाऊन डॅशबोर्डवर आदळला. चालक माझा भाचा होता. काचेच्या तुकड्यांनी त्याच्या मानेवर जखम झाली आणि ती काही दिवसांत भरून आली. हूक एक वीत उजवीकडे गेला असता तर मला माझ्या बहिणीला काय सांगावे लागले असते, हा विचार आजही मला रात्री जागा ठेवतो.

ही दोरी 30 टक्क्यांपर्यंत ताणली जाते आणि त्या ताणात साठलेली सगळी शक्ती सुटणाऱ्या तुकड्याला मिळते. म्हणून गाडीत पुढे आणि मागे, चॅसीला पक्के जोडलेले आणि किती भार सहन करतील ते ज्यांच्यावर लिहिलेले आहे असे ओढण्याचे बिंदू असणे हा दुसरा खरा बदल आहे. पुष्कळ गाड्यांना कारखान्यातून येणारी बारीक कडी ही सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यासाठी किंवा ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते, हिसका सोसण्यासाठी नसते. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला तर दोरी कधीच अडकवू नये. दोरीच्या मध्यावर जाड गोधडी किंवा वाळूने भरलेली पिशवी टाकावी आणि ओढताना एकही माणूस दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत उभा राहू देऊ नये. या सूचना लिहायला चार ओळी लागतात. आपल्या लेखात विंचसाठी एक स्वतंत्र परिच्छेद होता, पण वाळवंटात विंचची तार बांधायला झाड किंवा खडक कुठे असतो, हा प्रश्न त्यात नव्हता.

कायद्याचा उल्लेखही लेखात यायला हवा होता. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या होत्या. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवू शकते. कॉम्प्रेसर, मापक, फावडे, चाकाखाली घालायच्या दोन पाट्या आणि चांगली दोरी यांपैकी एकाही वस्तूने नोंदणीतला तपशील बदलत नाही, ही गोष्ट वाचकांना कळली तर त्यांचे पैसेही वाचतील. जाता जाता आणखी एक. आखातात राहणारे आपले नातेवाईक सुट्टीला येताना वाळवंटात उपयोगी म्हणून उपग्रह फोन घेऊन येतात. थुरया किंवा इरिडियमचा फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यात तो सापडला तर सुट्टी पोलीस ठाण्यात जाते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. गाडी उंच आणि ताकदवान झाली की माणसाला रस्ता सोडण्याचा मोह होतो, आणि जैसलमेरभोवती रस्ता सोडल्यावर सगळीकडे उघडी वाळू नसते. बराच भाग सेवण गवताचा आहे. हे गवत वर्षानुवर्षे टिकते, त्याचे झुबके मुळांनी वाळू धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात मेंढ्या-गाईंना तेच उरते. चाकाखाली झुबका उपटला गेला की तिथली वाळू मोकळी होऊन उडू लागते. गावाभोवतीची ओरण ही देवाच्या नावाने राखलेली जमीन असते, आगोर म्हणजे तलावात पाणी वाहून आणणारा, गावकऱ्यांनी स्वच्छ ठेवलेला उतार, आणि खडीन म्हणजे पावसाचे पाणी बांधाने अडवून त्या ओलीवर पीक घेण्याची पालीवाल ब्राह्मणांच्या काळापासूनची पद्धत. खडीनचा बांध नकाशावर दिसत नाही, पण गाडीने तो चेपला तर पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटते. एका मेंढपाळाने हात आडवे करून आमचा ताफा थांबवला आणि तासभर आमच्याबरोबर चालत आम्हाला आगोर वळसा घालून पलीकडे नेले. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याची एकच विनंती होती, की मागून येणाऱ्यांनाही हीच वाट सांगा.

याच गवतात गोडावण राहतो, ज्याला आपण माळढोक म्हणतो. 1980 मध्ये जाहीर झालेले डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत 3162 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे, आणि जगात रानात उरलेल्या सुमारे दीडशे माळढोकांपैकी बहुतेक तिथेच आणि त्याच्या आसपास आहेत. मादी जमिनीवरच्या उथळ खळग्यात, बहुधा एकच अंडे घालते. या पक्ष्याचा आजचा मोठा शत्रू विजेच्या तारा आहेत, गाड्या नव्हेत, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण ज्याची संख्या एवढी खाली आली आहे त्याच्या बाबतीत एका चाकाखाली गेलेले एक अंडेही लहान नुकसान नसते, आणि अलीकडे हिरवळ पाहण्यासाठी पावसाळ्यातही, म्हणजे त्याच्या विणीच्या दिवसांतच, ताफे जाऊ लागले आहेत.

मी मूळचा सोलापूरचा. लहानपणी वडिलांबरोबर एसटीने नान्नजला गेलो होतो आणि माळावर मान उंच करून चालणारा माळढोक प्रथम तिथे पाहिला. 1979 मध्ये तिथे अभयारण्य झाले, तरीही आज त्या माळावर एखादा पक्षी दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. महाराष्ट्रातल्या आपण लोकांनी हा पक्षी जवळजवळ गमावला आहे. म्हणून त्याच्या शेवटच्या मोठ्या आश्रयस्थानात महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्या सेवण तुडवत जाताना पाहिल्या की मला अतिशय वाईट वाटते.

माझी आपल्याला विनंती आहे, की या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा त्यात टायरच्या दाबाचा हिशेब, ओढण्याच्या बिंदूंची माहिती आणि कुठे गाडी नेऊ नये याची सूचना वस्तूंच्या यादीच्या आधी छापावी. पुण्या-मुंबईत असे दौरे काढणाऱ्या गटांनाही विनंती आहे, की नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाची गाडी निघण्यापूर्वी खालून तपासावी, चॅसीला जोडलेला बिंदू नसेल तर त्याला घेऊ नये, एकट्या गाडीला वाळूत सोडू नये, माणशी दिवसाला किमान 5 लिटर पाणी बरोबर असल्याची खात्री करावी आणि मार्ग ठरवताना जवळच्या गावातला एक जाणता माणूस योग्य मोबदला देऊन बरोबर घ्यावा. आपल्या कार्यालयाला हवे असल्यास, भाच्याच्या गाडीची काच फोडून गेलेला तो लाल हूक आणि फाटलेला पत्रा मी जपून ठेवला आहे. त्याचे छायाचित्र लेखासोबत छापता येईल, आणि तो घेऊन मी स्वतः येण्यास तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे